उंबरठ्याच्या आत

जर्मनीतल्या बॉन शहरात ओबरकासेल नावाचा भाग आहे. १९१४ साली तिथल्या दगडाच्या खाणीत मजुरांना एक जुने दफन सापडले. एक प्रौढ पुरुष, एक तरुण स्त्री आणि त्यांच्यासोबत काही प्राण्यांची हाडे. दफन साधारण चौदा हजार वर्षांपूर्वीचे. त्या हाडांतली काही हाडे कुत्र्याची होती, हे लक्षात यायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. मग २०१८ साली त्या कुत्र्याच्या दातांचा नीट अभ्यास प्रसिद्ध झाला आणि एक विलक्षण गोष्ट समोर आली. तो कुत्रा म्हणजे जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते. साडेचार-पाच महिन्यांचे असताना त्याला डिस्टेंपर झाला असावा, आणि तोही एका झटक्यात संपलेला नव्हता. आजाराचे तीन झटके येऊन गेल्याच्या खुणा दातांवर होत्या.

डिस्टेंपर झालेले पिल्लू ज्यांनी पाहिले आहे त्यांना यापुढचे सांगायला नको. ताप, उलट्या, जुलाब. स्वतः उठून बाहेर जाण्याची ताकद नाही. अशा अवस्थेत ते पिल्लू कित्येक आठवडे जगले, याचा अर्थ कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजले आणि त्याची घाण पुन्हा पुन्हा पुसली. ते शिकारीच्या उपयोगाचे नव्हते, राखणीच्या तर नव्हतेच. अभ्यासकांनी हाच निष्कर्ष काढला. पिल्लाची शी-शू निमूटपणे काढणाऱ्या माणसाचा याहून जुना पुरावा निदान माझ्या वाचनात नाही.

आज गोव्यात पर्वरीला, ताळगावला किंवा मडगावला एखाद्या फ्लॅटमध्ये नवे पिल्लू येते तेव्हा घरात पहिला प्रश्न नावाचा असतो आणि दुसरा शी-शूचा. पहिला तासाभरात सुटतो. दुसऱ्यापायी घरात भांडणे होतात, पिल्लाला मार बसतो, आणि कधी कधी महिनाभरातच ते पिल्लू रात्रीच्या वेळी मासळी बाजाराजवळ सोडून दिले जाते. म्हणून हा विषय वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास खरे तर आपल्या उंबरठ्याचा आहे.

इंग्रजीत या शिकवणुकीला 'हाउसब्रेकिंग' म्हणतात. मराठीत त्यासाठी रूढ शब्द नाही. भाषेत शब्द नसतो तेव्हा बहुतेक वेळा ती गरजच पडलेली नसते. आपला कुत्रा घरात नव्हताच. तो अंगणात होता, गोठ्याच्या दाराशी होता, कुळागरात होता. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' ही म्हण करणाऱ्या समाजाला कुत्र्याला काही शिकवता येते यावर फारसा विश्वास नव्हता, कारण शिकवण्याचा प्रसंगच येत नव्हता.

पण याचा अर्थ आपल्याकडे कुत्र्याचा तिरस्कारच होता असा नाही. वैश्वदेवानंतर जे बली ठेवायचे त्यांत कावळ्याइतकाच कुत्र्याचाही वाटा सांगितला आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तो आहे. मात्र हा घास जमिनीवर, घराबाहेर ठेवायचा. कुत्र्याला खायला घालणे हे गृहस्थाचे कर्तव्य, आणि त्याला आत न घेणे हाही गृहस्थाचाच आचार. यमाच्या दारातले श्याम आणि शबल, भैरवाचे वाहन, दत्तगुरूंच्या पायाशी बसलेले चार वेदरूपी श्वान. देवांच्या सहवासातसुद्धा कुत्रा दाराशी किंवा पायाशीच आहे. साखळीच्या दत्तमंदिरात दर्शन घेऊन आलेला माणूस देवळाबाहेरच्या कुत्र्याला बिस्किट घालील, पण घरी ओटीवर चढलेल्या कुत्र्याला 'हाड' म्हणेल. यात त्याला काही विसंगत वाटत नाही, आणि परंपरेच्या हिशेबाने ते विसंगत नाहीही.

राजेरजवाड्यांचे कुत्रे तरी घरात होते का? कर्नाटकातल्या आतकूर गावी दहाव्या शतकातला एक वीरगळ सापडला. राष्ट्रकूट आणि चोळ यांच्या युद्धात पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीराला राजाने 'हवे ते माग' म्हटले, तर त्याने गाव मागितला नाही, सोने मागितले नाही. 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघेही मेले, आणि त्या कुत्र्यासाठी हा दगड उभा राहिला. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'सारमेयविनोद' म्हणून कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गोव्याचे कदंब हे या चालुक्यांचे मांडलिक आणि सोयरे, आणि मराठीतल्या फार जुन्या ओळी ज्या ग्रंथांत सापडतात त्यांतलाही हा एक. तेव्हा हा ग्रंथ आपल्याला परका नव्हे.

पण हे सगळे शिकारीचे कुत्रे. जहांगीर बादशहाला सर टॉमस रो याच्या काळात इंग्लंडहून आलेल्या दोन मोठ्या मॅस्टिफ कुत्र्यांचे इतके कौतुक होते की, रोचा पाद्री एडवर्ड टेरी लिहितो त्याप्रमाणे, त्याने प्रत्येक कुत्र्यामागे चार नोकर ठेवले, त्यांना पालखी दिली, आणि स्वतःच्या हाताने भरवता यावे म्हणून चांदीचे चिमटे करवून घेतले. बादशहा कुत्र्याला भरवी तोही चिमट्याने! आणि चार नोकर असले की घाण कोण काढते हा प्रश्न बादशहापर्यंत पोहोचतच नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जी जात जोपासली आणि जी आज 'मुधोळ हाउंड' म्हणून ओळखली जाते, तिचीही गोष्ट हीच. २००५ साली तिच्यावर टपालतिकीट निघाले, लष्करातही ती दाखल झाली. पण ती माळरानावर वाढलेली जात. कुत्रा लाडका असो वा दोडका, त्याची जागा बाहेर, आणि साफसफाई दुसऱ्या कुणाच्या तरी हाती.

आता आपल्या गोव्याच्या घराकडे वळू. जुने हिंदू घर आठवा. पुढे अंगण, त्यात तुळशीवृंदावन, मग ओटी, मध्ये राजांगण, मागे न्हाणी आणि विहीर. ख्रिस्ती घराला पुढे बाल्कांव आणि त्यात बसायला सोपे. दोन्ही घरांत आत आणि बाहेर यांच्या मध्ये एक तिसरी जागा होती, जी धड घर नव्हती आणि धड रस्ताही नव्हता. कुत्र्याची हीच जागा. पिल्लू तिथेच वाढे, थोरल्या कुत्र्याच्या मागे मागे माडांत जाई, आणि माती, पालापाचोळा यांवर मोकळे होई. त्याला कुणी काही शिकवले नाही, तरी ते शिकले. चुकून ओटीवर घाण झालीच तर जमीन शेणाची होती. तेवढा भाग खरवडायचा, सारवायचा, काम झाले. शेणाची जमीन दर काही दिवसांनी नव्याने जन्म घेते. तिला डागाचे भय नसते.

मग जमीन बदलली. सारवणाच्या जागी सिमेंटचा कोबा आला, मग मोझाईक, मग मार्बल आणि चकचकीत टाईल्स. अंगण गेले, त्याच्या जागी पार्किंग आले. ओटी गेली, लिफ्ट आली. उंबरठ्याबाहेरची ती तिसरी जागाच नाहीशी झाली आणि कुत्रा एकदम दिवाणखान्यात आला. त्याच्यासाठी हा केवढा मोठा बदल आहे याचा विचार फारसा कुणी केला नाही. हजारो वर्षे जो पायरीखाली होता, त्याच्याकडून आपण आठ दिवसांत सोफ्याचे शिष्टाचार मागू लागलो.

युरोपात हाच बदल आपल्याआधी शंभर-दीडशे वर्षे घडला. शिकारीचा आणि राखणीचा कुत्रा तिथेही कोठारात, तबेल्यातच असे. मांडीवरचे छोटे कुत्रे तेवढे राजघराण्यांच्या दालनांत. एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली, मध्यमवर्ग वाढला, आणि कुत्रा पाळणे हे घरंदाजपणाचे लक्षण झाले. १८५९ साली न्यूकॅसलला पहिले मोठे श्वानप्रदर्शन भरले, १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. कुत्रा गालिच्यावर आला आणि गालिचा जपायची चिंताही त्याच्यासोबत आली.

त्या काळी शिकारी कुत्र्याला तयार करण्याला इंग्रजीत 'ब्रेकिंग' म्हणत. मोडणे! कुत्र्याची इच्छा मोडली की तो शिकला, अशी समजूत. 'हाउसब्रेकिंग' हा शब्द याच घराण्यातला. १८८०च्या दशकात अमेरिकेत एस. टी. हॅमंड याने मोडण्याऐवजी शिकवा, मार देण्याऐवजी खाऊ द्या असे लिहिले होते, पण त्याचे फार ऐकले गेले नाही. १९१० साली जर्मनीत कोनराड मोस्ट याचे पोलिसी कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरचे पुस्तक आले आणि पुढची अनेक दशके त्याच्या कडक पद्धतीची छाप राहिली. गळपट्टा, झटका, जबरदस्ती. घाण केलेल्या जागी पिल्लाचे नाक घासणे, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने मारणे हे उपाय घरोघर चालत आले. आपल्याकडे आजही ते अनुभवसिद्ध म्हणून सांगितले जातात.

त्याला पुढे शास्त्राचा मुलामाही मिळाला. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल याने बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांवरून कळपातल्या वर्चस्वाविषयी लिहिले. त्यातून कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, आणि मालकाने त्याला आपण 'वरचे' आहोत हे दाखवले पाहिजे, असा समज पसरला. पिल्लाने बैठकीत शू केली की ते आव्हान देत आहे म्हणे! हाच विचार आपल्या पुस्तकातून लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली शोधनिबंध लिहून स्पष्ट केले की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे, एक कुटुंब. तिथे पदासाठी रोज मारामाऱ्या होत नाहीत. पण एकदा पसरलेली समजूत शोधनिबंधाने मागे घेता येत नाही.

दुसरीकडे शिकण्याचेच शास्त्र उभे राहत होते. एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ साली मांजरे आणि कुत्रे पेटीत ठेवून ते सुटका कशी शिकतात हे पाहिले. ज्या कृतीनंतर सुख मिळते ती पक्की होते, हा त्याचा नियम. शिक्षेने कृती तितकीच पुसली जाते असे त्याला आधी वाटत होते, पण १९३०च्या दशकात स्वतःच्याच प्रयोगांनंतर त्याने तो भाग मागे घेतला. बक्षिसाइतकी शिक्षा कामाची नाही. १९५१ साली बी. एफ. स्किनर याने प्राण्यांना कसे शिकवावे यावर सर्वसामान्यांसाठी लेख लिहिला. त्यात आवाजाची खूण आणि लगेच खाऊ, एवढेच साधे तंत्र होते.

पण पिल्लाच्या शी-शूवर खरा उजेड पडला तो मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींची पिल्ले वर्षानुवर्षे जन्मापासून पाहिली आणि १९६५ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दिसते ते असे. जन्मलेल्या पिल्लाला स्वतःहून शी-शू करताच येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते आणि आईच ती साफ करते. तीन आठवड्यांच्या सुमारास पिल्लू लडखडत झोपायच्या जागेपासून दूर जाऊन मोकळे होऊ लागते. आणि साधारण साडेआठ आठवड्यांच्या सुमारास ते त्यासाठी ठरावीक जागा धरू लागते. म्हणजे स्वच्छता आपण त्याला शिकवत नाही, ती त्याच्यात आहेच. फक्त त्याचे 'घर' आहे झोपायच्या कोपऱ्याएवढे आणि आपले आहे दोन बेडरूम, हॉल, किचनएवढे. हॉलचे दुसरे टोक त्याच्या लेखी केव्हाच बाहेर असते.

हे एकदा पटले की बाकीचे सोपे आहे, फक्त वेळखाऊ आहे. दोन महिन्यांचे पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही, ते हट्टाने नव्हे, शरीराने. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ झाल्यावर त्याला जावे लागणारच. तेव्हा त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यायचे, थांबायचे, आणि झाल्या क्षणी शाबासकी आणि खाऊ द्यायचा. घरात आल्यानंतर नव्हे, तिथल्या तिथे. जिथे लक्ष ठेवता येत नाही तिथे मोकळे सोडायचे नाही. पायाखाली काय लागते याची त्याला सवय होते. माती म्हणजे माती, वर्तमानपत्र म्हणजे वर्तमानपत्र. लशी पूर्ण होईपर्यंत पार्व्होच्या भीतीने त्याला रस्त्यावर उतरवता येत नाही, म्हणून फ्लॅटवाल्यांना बाल्कनीतल्या वर्तमानपत्रावर सुरुवात करावी लागते. पण तिथे मातीचा एक पसरट ट्रे ठेवला तर पुढे खाली उतरल्यावर पिल्लू गोंधळत नाही. आपल्या जून-जुलैच्या पावसात आणलेले पिल्लू बाहेर जायला नाखूष असते, त्यालाही इलाज छत्री आणि धीर एवढाच. फिनेलने वास जातो तो आपल्या नाकापुरता, त्याच्या नाकाला जागा सापडतेच. त्यासाठी मुत्रातले घटक तोडणारे, एन्झाइम असलेले द्रावण मिळते.

आणि मार? त्याविषयी एक प्रयोग सांगतो. बहुतेक मालक सांगतात की घाण केली की कुत्र्याला ते कळते, त्याचा चेहराच सांगतो. कान पाडतो, नजर चुकवतो, शेपूट आत घेतो. २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी चौदा कुत्र्यांवर हे तपासले. मालकाने खाऊला तोंड लावू नकोस म्हणून बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. मागे कधी कुत्रा खाऊ खाई, कधी नाही. परत आलेल्या मालकाला कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. निष्कर्ष असा निघाला की तो 'अपराधी' चेहरा कुत्र्याने काय केले यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही यावर होता. आणि ज्यांनी काहीच केले नव्हते पण ज्यांना बोलणी बसली, त्यांचा चेहरा सगळ्यांत अपराधी होता.

हे वाचल्यावर मला महाभारताची सुरुवात आठवली. अनेकांना महाभारतातला कुत्रा म्हणजे शेवटचा, युधिष्ठिरासोबत स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला, एवढाच ठाऊक असतो. पण आदिपर्वाच्या आरंभी, पौष्यपर्वात, एक पिल्लू आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे दीर्घ सत्र चालू आहे. देवशुनी सरमेचे पिल्लू तिथे येते आणि जनमेजयाचे तिघे भाऊ श्रुतसेन, उग्रसेन, भीमसेन त्याला मारून हाकलतात. ते रडत आईकडे जाते. आई आधी म्हणते, तूच काही केले असशील. पिल्लू सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, चाटले तर नाहीच. तेव्हा सरमा त्या यज्ञमंडपात जाते आणि राजाला विचारते, याने काही अपराध केला नसता याला का मारले? कुणाजवळ उत्तर नाही. ती शाप देते की न दिसणारे भय तुमच्यावर येईल. आणि एवढा मोठा राजा घाबरतो. त्या शापाच्या निवारणासाठी योग्य पुरोहित शोधत वणवण करतो.

कुत्र्याला यज्ञात स्थान नव्हते, हे सरमेलाही मान्य आहे. ती हविर्भाग मागत नाही. तिचा प्रश्न एवढाच आहे की, ज्याला आपण का मार खातो हे कळत नाही त्याला मारणे हा कुठला धर्म? व्यासांच्या परंपरेने हा प्रश्न एका कुत्रीच्या तोंडी घातला आणि ग्रंथाच्या दारातच ठेवला. होरोविट्झबाईंच्या प्रयोगात तोच प्रश्न आकड्यांनी विचारला गेला. तासापूर्वीच्या शूसाठी आता मार खाणारे पिल्लू मार आणि शू यांचा संबंध जोडू शकत नाही. ते एवढेच शिकते की हा माणूस कधीही मारू शकतो. मग ते आपल्यासमोर शू करायचे थांबते आणि पलंगाखाली करू लागते. आपण म्हणतो, बघा कसे लबाड आहे!

गोव्याने कुत्र्यांच्या बाबतीत एक मोठे काम करून दाखवले आहे, ते इथे सांगितले पाहिजे. गेल्या दशकात राज्यभर घरोघर आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना रेबीजची लस दिली गेली. वर्षाला ९५ हजारांवर कुत्रे, म्हणजे सुमारे सत्तर टक्के. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार कुत्र्यांतल्या रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले होते आणि २०१७ नंतर तोवर माणसाचा रेबीजने एकही मृत्यू नोंदला गेला नव्हता. जाळी घेऊन पळणाऱ्या पोरांनी, गावोगावच्या शिक्षकांनी आणि सरकारने मिळून हे केले. कुत्र्याचे जुने भय कमी व्हायला याची मदत झाली. तो उंबरठ्याच्या आत येऊ शकतो तो यामुळेही.

पण आत घेतलेले पिल्लू महिन्याभराने पुन्हा बाहेर टाकले तर ते अंगणातल्या कुत्र्यापेक्षाही वाईट अवस्थेत असते. अंगणातल्याला गल्ली ठाऊक असते, रस्ता ओलांडता येतो, कुणाच्या दारी पेज मिळते ते माहीत असते. दिवाणखान्यात वाढलेल्याला यातले काहीच येत नाही, आणि टाईल्सवर शू करू नये हेही धड आलेले नसते. त्याला आपण दोन्ही जगांतून काढलेले असते.

आजोबांच्या काळी कुत्र्याला आत घेत नसत, पण त्याचा घास चुकत नसे. आपण त्याला आत घेतले, तेव्हा त्या घासासोबत आणखी एक गोष्ट देणे लागतो: दोन-तीन महिन्यांचा वेळ. रात्री दोन वाजता उठायचे, पिल्लाला उचलून खाली न्यायचे, आणि ते होईपर्यंत गप्प उभे राहायचे. चौदा हजार वर्षांपूर्वी ओबरकासेलच्या कुण्या माणसाने याहून कितीतरी जास्त केले होते, आणि त्याच्याजवळ ना टाईल्स होत्या, ना फिनेल, ना त्या पिल्लाकडून कसला उपयोग व्हायची आशा.